बटणावर लागलेली उकड

भाऊजी,

त्या दिवशी हॉलचा एसी मी बंद केला होता. तुमच्या दादांनी नाही.

हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण मागे ठेवलं तर मी ते पुन्हा गिळीन. बारा वर्षं गिळतेच आहे.

मस्कतच्या आपल्या मंडळाचे चिटणीस परवा घरी आले. म्हणाले, "काकू, यंदाच्या गणपतीच्या अंकात अनंतकाकांवर दोन पानं तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" तुमचा जन्म, गाव, नोकरी हे सगळं ते चौकटीत छापणार आहेत. ते मी लिहीत नाही. दीर देवमाणूस होता, असं चार ओळींत लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. तुम्ही देवमाणूस नव्हता. हट्टी होता. न्हाणीघरात तास लावायचात. आमटीत कोकम कमी पडलं तर पाहुण्यांसमोर सांगायचात. आणि माझं तुमच्यावाचून अडत होतं, हेही खरं आहे. सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

हा अंक वाचतील त्यांतली निम्मी माणसं त्या दिवशी हॉलमध्ये होती. त्यांनी तुम्हाला हसलेलं मला आठवतं. त्यांनीही वाचावं.

तुम्ही मस्कतला आलात तेव्हा आम्ही वादी कबीरच्या दोन खोल्यांत राहत होतो. खाली गॅरेजं, वर आम्ही. तुमचे दादा एसीचे मेकॅनिक. तुम्हाला रुवीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लावून दिलं. तुम्ही पुढच्या खोलीत झोपायचात, सोफ्यापेक्षा तुमचे पाय लांब. गावाहून येताना एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पेटी. गावात आमच्याकडे भजनाला पेटी म्हणजे अनंताच, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. इथे सहा महिन्यांत मस्कतभर झालं. गुरुवारी भजन असलं की फोन मला यायचा. "वहिनी, तुमचे दीर मोकळे आहेत का?" मी वही बघितल्यासारखं करायची आणि सांगायची, बघते. वही नव्हतीच. मला ते विचारणं आवडायचं. चौथी शिकलेली बाई, नवरा शिडीवर चढून एसी धुणारा, मला कोण फोन करणार होतं? तुमच्या पेटीमुळे मला मान होता. तो मला सोडवेना.

मग तुम्ही तो पेटारा आणलात.

एक म्हातारा इंग्रज इंजिनियर तुमच्या दुकानात यायचा. रिटायर होऊन परत निघाला, तेव्हा त्याने तो तुम्हाला दिला. लाकडी कपाटाएवढा. पुढून नुसती गोल बटणं आणि भोकं, आणि पिशवीभर वायरी. शेजारच्या शिरोडकर बाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगो, टेलिफोन एक्स्चेंज उचलून आणलं काय यांनी?" तुम्ही नाव सांगितलंत, सिंथेसायझर. माझ्या जिभेला ते जमलं नाही, म्हणून मी पेटाराच म्हणत राहिले.

त्या इंग्रजाने तरुणपणी तो आपल्या देशात स्टेजवर वाजवला होता. तुम्ही जेवताना त्याच्या गोष्टी सांगायचात. म्हणे, पहिलीवहिली यंत्रं ती. लोकांपुढे उभं राहून एक एक वायर खुपसायची आणि आवाज तिथल्या तिथे घडवायचा. एका डब्यातून सूर काढायचा, वायरीने दुसऱ्या डब्यात न्यायचा, तिथे त्याला जाड करायचा, बारीक करायचा, थरथरवायचा. काही साठवून ठेवता येत नाही. वायर उपटली की तो आवाज मेला. आणि दिव्यांच्या उष्णतेने सूर हलायचे, म्हणून एका हाताने वाजवायचं आणि दुसऱ्या हाताने सूर धरून ठेवायचा. लोक उभे राहून वाट बघायचे. तो जाताना तुम्हाला सांगून गेला होता की हे खोलीत वाजवलं तर अर्धंच वाजतं, माणसांपुढे वाजव.

ते शेवटचं वाक्य तुमच्या डोक्यात बसलं.

उष्णतेचं मात्र माझ्या डोक्यात बसलं, कारण त्यावरून रोज भांडण. खोलीतून बाहेर पडताना एसी बंद करायची मला सवय. तुम्ही आतून ओरडायचात, "वहिनी, एसी. सूर गेला माझा." दोन तास तो पेटारा चालू ठेवून, खोलीच्या गारव्याला सरावला की मग तुम्ही सूर लावायचात. एसी गेला की दहा मिनिटांत दोन सूर एकमेकांपासून सरकायचे आणि मध्ये एक घरघर सुरू व्हायची, दात दुखल्यासारखी. हे सगळं तुम्ही मला दाखवलं होतंत, कान जवळ आणायला लावून. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आपला वाद तर कधी मिटलाच नाही. मी म्हणायचे, "पेटीचा सूर कसा, ठेवला तिथे असतो. हा तुमचा रोज नवा. ह्याला सूर म्हणतात?"

"पेटीचा सूर दुसऱ्याने करून दिलेला असतो वहिनी. हा मी करतो."

"आणि तो मरतो."

"मरतो."

"मग काय उपयोग?"

"तुमची आमटी पण संध्याकाळपर्यंत संपते की."

"आमटीने पोट भरतं. तुमच्या ह्या घरघरीने काय भरतं?"

तुम्ही हसायचात आणि उत्तर द्यायचा नाही. आता मी रोज नवीन नवीन उत्तरं तुमच्या तोंडी घालून बघते. एकही तुमच्यासारखं वाटत नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. माझी आई गेली तेव्हा मला गावाला जाता आलं नाही. पासपोर्ट व्हिसाच्या कामाला गेलेला. तुमचे दादा कामावर रुस्ताकला. मी ओट्याशी उभी राहून भांडी घासत होते, घासलेलीच पुन्हा घासत होते. तुम्ही विचारलंत, "तुमच्या माहेरी सगळ्यात जास्त आवाज कशाचा?" मी म्हटलं, रहाटाचा. आमच्या पोफळीच्या बागेत बैल रहाट ओढायचा आणि तो दिवसभर कुरकुरायचा. तुम्ही अर्धा तास वायरी काढत-घालत बसलात. "असा?" नाही, जाड. "असा?" नाही, मध्ये दम लागतो त्याला. मग एकदम तो आला. लाकूड, पाणी, आणि त्या बैलाचा थांबा. मी हात पुसले आणि जमिनीवर बसले. रडले नाही. पण बसले. तुम्ही कितीतरी वेळ तो चालू ठेवलात, आणि मान वर करून माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

म्हणजे तो पेटारा काय करू शकतो, हे मस्कतमध्ये तुमच्याखालोखाल मला ठाऊक होतं. तरी मी ते केलं.

गणपतीच्या कार्यक्रमात तुम्ही वीस मिनिटं मागून घेतलीत. चिटणीस तेव्हा दुसरे होते, ते म्हणाले, वाजवा पण लवकर आटपा. आदल्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या लावताना तुमचे दादा सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले, "अनंता, पेटी वाजव ना गपगुमान. ह्या खोक्यापायी माझं नाक कापू नको." तुम्ही म्हणालात, "तुझं नाक तू सांभाळ." लोक हसले. दोघेही हसलात. नंतर मात्र लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

सकाळी दादांनीच शिडी लावून हॉलचा एसी साफ केला, तुमच्यासाठी. तुम्ही पेटारा दुपारपासून चालू करून ठेवलात. मी मागच्या स्वयंपाकघरात बायकांबरोबर मोदक वळत होते. तुमच्यानंतर आमच्या बायकांचं भजन होतं आणि पेटीला तुम्ही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तुम्हाला विचारलं नव्हतं.

इतकी वर्षं मी स्वतःला असं सांगत आले की लोक हसतील, तुमची शोभा होईल, म्हणून मी एसी बंद केला. सूर बिघडला की तुम्ही थांबाल, पेटी घ्याल, चार टाळ्या मिळतील. भल्यासाठी केलं. हे मी इतक्या वेळा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं.

ते खरं नाही. लोक हसत नव्हते.

तुम्ही सुरू केलंत तेव्हा हॉल गप्प झाला. आधी खालचा एक सूर, जमिनीतून आल्यासारखा. मग त्यावर दुसरा, मग दोघांच्या मधून काहीतरी चालत गेल्यासारखं. मोदक वळणाऱ्या सगळ्यांचे हात थांबले. पाच-सहा बायका पारी हातात धरून नुसत्या उभ्या. कुकरजवळची एक दाराशी जाऊन ऐकायला लागली. शिरोडकर बाई मला म्हणाल्या, "काय गो, तुझो दीर आता आमच्या भजनाक कसलो येता?" त्या कौतुकाने म्हणाल्या. मला ते सुरीसारखं लागलं.

मी उठले. स्वयंपाकघराच्या बाहेर बोळात एसीचं मोठं बटण होतं. कुणी विचारलं तर समईची ज्योत फडफडतेय म्हणून सांगायचं, हेही मी चालता चालता ठरवलं होतं. बटण बंद केलं आणि परत येऊन पारी वळायला लागले.

सप्टेंबरचं मस्कत, दोनशे माणसं, बंद खिडक्या. दहा मिनिटं लागली नाहीत. ती घरघर सुरू झाली. मी मान खाली घालून मोदकाच्या कळ्या काढत होते आणि ऐकत होते. मला वाटलं तुम्ही थांबाल. तुम्ही थांबला नाहीत. एका हाताने वाजवत, दुसऱ्या हाताने सूर पकडायला धावत होता. एक धरला की दुसरा सुटायचा. कुणीतरी ओरडलं, "भाऊ, स्टेशन लागत नाही का? एरियल फिरवा." मग हसणं सुरू झालं ते थांबेचना. मुलं कानांवर हात ठेवून खिदळायला लागली. मी दाराच्या फटीतून बघितलं. तुमचा सदरा पाठीला चिकटला होता. एक वायर तुम्ही काढलीत, ती कुठे घालायची ते तुम्हाला सुचेना, ती हातात धरून तुम्ही उभे होता.

मी एसी चालू करायला धावले नाही. हेही लिहायला हवं.

एसी का थांबला ते बघायला तुमचे दादा बोळात आले. त्यांचं कामच ते. मी दारातच होते. त्यांनी बटण बघितलं, आणि त्यावर माझ्या बोटांची ओली उकड लागलेली होती, पांढरी, तीन बोटं. त्यांनी ती बघितली. मग माझे हात बघितले. खिशातून रुमाल काढला आणि बटण पुसायला लागले. त्याच वेळी तुम्ही स्टेजवरून धावत बोळात आलात.

तुमच्यासमोर होते दादा, आणि त्यांचा हात बटणावर.

"दादा, तू?" एवढंच तुम्ही म्हणालात.

दादांनी बटण पुन्हा चालू केलं, रुमाल खिशात घातला आणि म्हणाले, "जा, पाणी पी."

मी तिथेच होते भाऊजी. दोन हातांवर. माझ्या तोंडात जीभ होती. समईचं कारण तयार होतं, निदान ते तरी सांगायचं. तेही सांगितलं नाही. आत जाऊन हात धुतले.

त्या महिन्यात तुम्ही मस्कत सोडून सूर नावाच्या बंदराच्या गावाला गेलात, मासेमारीच्या होड्यांवरचे वायरलेस दुरुस्त करायच्या कामाला. पेटारा नेलात. पेटी नेली नाहीत. ती अजून माझ्या कपाटावर आहे. आमचा मंगेश तेव्हा दहावीत, काका म्हणजे त्याचा जीव. तो बापाला म्हणाला, "तुम्हाला लाज नाही वाटली? सख्खा भाऊ तुमचा." दादा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. पोरगा वर्षभर बापाशी धड बोलला नाही. मग बोलायला लागला, पण पहिल्यासारखा नाही. दोघांच्या मध्ये बसून मी रोज भात वाढला.

एकदा रात्री मी दादांना म्हटलं, "तुम्ही सांगत का नाही?" ते म्हणाले, "काय सांगू? तू सांग." मग कूस बदलून झोपले. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही.

दादा गेले तेव्हा तुम्ही सूरहून टॅक्सी करून आलात. इस्पितळाच्या मागच्या खोलीत आम्ही उभे होतो, तुम्ही, मी आणि मंगेश. आठ वर्षांत तुम्ही दोघं भाऊ कामापुरतं फोनवर बोलला असाल तेवढंच. तुम्ही त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालात, "दादा, झालं गेलं. मी मनात ठेवलं नाही. तुला माफ केलं."

मंगेश रडायला लागला. मी पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, बाईला हुंदका आवरत नाही.

ज्याने काही केलं नव्हतं त्याला तुम्ही माफ केलंत, आणि जिने केलं तिला खांद्याला धरून बाहेर आणलंत, खुर्ची दिलीत, गाडीत बसवलंत. वाटेत म्हणालात, "वहिनी, तुम्ही आम्हाला जोडून ठेवायचा फार प्रयत्न केलात." त्यावर मी मान हलवली. होय म्हणून हलवली.

मागच्या महिन्यात तुमचा फोन बंद आला म्हणून मंगेश सूरला गेला, आणि मग मला न्यायला आला. तुमचे अर्बाब, म्हणजे तिथले मालक, भला माणूस. डोळे पुसत सांगत होते, मंगेश मला मराठीत सांगत होता, की झोपेतच गेले, त्रास झाला नाही. तुमची खोली त्यांनी उघडून दिली. एक खाट, चार भांडी, आणि भिंतभर तो पेटारा, वायरी सगळ्या लावलेल्या. मी आत पाऊल टाकलं आणि थंडी वाजली. एसी चालूच होता. त्याच्या बटणावर तुम्ही चिकटपट्टी लावली होती, कुणी चुकून बंद करू नये म्हणून. कडा काळ्या झालेल्या, वर नवी पट्टी, तिच्यावर अजून एक. अर्बाब म्हणाले, "आम्ही सांगायचो, बाहेर जाताना तरी बंद कर. तो म्हणायचा, नको, घरची सवय आहे. माझी वहिनी बंद करायची." आणि ते हसले. तुम्ही ते हसून सांगितलं असणार.

तुम्हाला ठाऊक होतं का भाऊजी? की नुसती आपल्या वादी कबीरच्या खोलीची आठवण सांगितलीत? हे मला आता कधीच कळणार नाही, आणि तीच शिक्षा असेल तर ती कमीच आहे.

तुम्हाला शेवटचं बघायला ठेवलं होतं तेव्हा मला सांगता आलं असतं. मेलेल्या माणसाला सांगायला काय लागतं? पण शेजारी मंगेश उभा होता. तुम्हाला सांगायला मी भीत नव्हते, तो ऐकेल म्हणून भीत होते. बारा वर्षं खरी भीती तीच होती.

म्हणून हे लिहायला घेतलं. गावी पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यायची माझी सवय तुम्हीच मोडलीत. "चुकलं तरी तुम्हीच लिहा वहिनी" म्हणालात. चुकलं आहे, आणि मीच लिहिते आहे. माफी मागत नाही. तुमच्याकडची माफी तुम्ही एकदाच दिलीत, ती ज्याला गेली त्याच्याकडेच राहू दे. त्याला तिची गरज नव्हती, पण माझ्यासाठी पाठीवर वाहून नेलेल्या ओझ्याची मजुरी म्हणून राहू दे.

आधीची पानं मी जेवण झाल्यावर मंगेशच्या हातात दिली. म्हटलं, मंडळात न्यायची आहेत, आधी तू वाच. तो पुढच्या खोलीत बसलाय. त्याचं मराठी वाचन तुम्हाला माहीत आहे, ओळीखाली बोट धरून वाचतो. हे शेवटचं पान मी आत ओट्याशी उभी राहून लिहिते आहे.

एवढ्यात तो आत आला; हे पुढचं तो दारात थांबलाय तोवर लिहिते आहे. पानं हातातच होती. म्हणाला, "आई, बाबांना माहीत होतं?"

"होतं."

"मी त्यांना काय काय बोललो, तेव्हा पण?"

"तेव्हा पण."

तो फ्रिजला टेकून उभा राहिला. माझ्याकडे बघत नव्हता. मग म्हणाला, "हे छापणार ते लोक. सगळे वाचणार. माहितेय ना?"

"माहीत आहे."

"काही काढायचं?"

"काही नाही. शुद्धलेखन तेवढं बघायला सांग."

त्याने गाडीची किल्ली उचलली. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. मला वाटलं आता बोलेल. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "ते शेवटचं पान पण दे."